तराफ्यावरचा पाव

“घोंगडी घट्ट आवळ गं! वाफ गेली म्हणजे सगळंच गेलं!”

ॲम्ब्रोस टॉलिव्हर भट्टीसमोरून ओरडला. थर्झाने गरम पाव घोंगडीत गुंडाळले, गाठोडे पोटाशी धरले आणि ती धक्क्याकडे पळत सुटली. मागून नवरा. एक बूट पायात, एक हातात. टेकडीवरच्या खांबावर जहाज आल्याची खूण नुकतीच चढली होती, पण पलीकडच्या गल्लीतला बॅगशॉ बेकरीवाला होडीत बसलासुद्धा होता.

पोर्ट ॲश्बी वसून अजून दहा वर्षे झाली नव्हती. प्रार्थनाघराला छप्पर नव्हते, तुरुंगाला होते. तरी एक रीत मात्र पक्की बसली होती. चार-पाच महिने खारवलेले मांस आणि अळ्या पडलेली बिस्किटे खाऊन आलेल्या कप्तानाच्या हातात जो पहिला गरम पाव ठेवील, त्या जहाजाचा मुक्काम संपेपर्यंतचा सगळा पाव त्याचा. पाव गरमच हवा. थंड पाव घेऊन कुणी पहिला पोचला, तर खलाशी हसून त्याला परत लावीत. मागची तीन जहाजे बॅगशॉने पटकावली होती, कारण त्याच्याकडे वल्ही मारायला डूली नावाचा रेड्याच्या ताकदीचा आयरिश होता. टॉलिव्हरकडे टॉलिव्हरच होता. हेही जहाज गेले असते, तर भट्टी विझवून कुणाकडे तरी चाकरीला जाण्यावाचून त्याला इलाज नव्हता.

“टॉलिव्हर, तो बूट घाल आधी,” धक्क्यावर पिंपे ठोकत बसलेला पिंपवाला म्हणाला. “कप्तानाच्या हातात पाव द्यायचाय का बूट?”

“तुझ्या बायकोनं भाजलेला पाव आणि माझा बूट, दोन्हीला चव एकच,” टॉलिव्हर म्हणाला आणि त्याने होडी ढकलली.

वारा पडलेला होता. जहाज बंदराच्या तोंडाशी शिडे लोंबत ठेवून उभे होते. बॅगशॉची होडी बरीच पुढे होती. थर्झा धक्क्याच्या टोकाशी उभी राहून हाताच्या मुठी आवळीत होती. शेजारी हेस्टर पिम. हेस्टरचा नवरा चरबीच्या मेणबत्त्या ओती, आणि त्या वासाची बाई म्हणून गावात हेस्टरजवळ कुणी फारसे बसत नसे. थर्झा बसे.

अर्ध्या पाण्यात बॅगशॉची होडी एकाएकी थांबली. डूलीने वल्ही वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. टॉलिव्हर जहाजाकडे पाठ करून वल्ही मारत, धापा टाकत शेजारून पुढे गेला, तसा बॅगशॉ होडीत उभा राहिला आणि त्याने चक्क टोपी काढली.

“जा टॉलिव्हर, जा! आजचा दिवस तुझा!”

“बघितलंस?” थर्झाने हेस्टरचा दंड दाबला. “दमला डूली! दमला मेला!”

शिडे शिवणारा प्राउट मघापासून दुर्बिणीला डोळा लावून होता. त्याने दुर्बीण खाली घेतली, काच बाहीला पुसली आणि दुर्बीण खिशात टाकली.

“काय दिसलं हो, मिस्टर प्राउट?”

“काही नाही बाई. ऊन येतंय डोळ्यावर.”

टॉलिव्हर दोराच्या शिडीने वर चढला. घोंगडी पाठीला बांधलेली होती. कठड्यावरून तो पलीकडे दिसेनासा झाला, आणि मग ओहोटीने जहाज हळूहळू वळले. पुढच्या डोलकाठीवर, लोंबत्या शिडामागे जे इतका वेळ अर्धेमुर्धे झाकलेले होते ते उघडे पडले. पिवळे निशाण. जहाजावर तापाची साथ होती.

धक्क्यावर कुणाच्या तोंडून साधे ‘अरे’सुद्धा निघाले नाही. हे थर्झाच्या ध्यानात फार उशिरा आले. त्या वेळी तिच्या ध्यानात एवढेच आले, की नियम काय आहे. पिवळ्या निशाणाच्या जहाजाला ज्याचा पाय लागला, तो निशाण उतरेपर्यंत त्या जहाजाचा. मग तो गव्हर्नर असो की पाववाला.

तिने हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. बंदराच्या शिपायाने तिला धरून मागे ओढले, तेव्हा टॉलिव्हरची रिकामी होडी ओहोटीबरोबर समुद्राकडे निघाली होती आणि बॅगशॉची परत येत होती.

“मी तर थांबलो होतो बुवा,” बॅगशॉ धक्क्यावर चढत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. “त्याला दिसलं नाही, त्याला मी काय करणार?”

दुसऱ्या दिवशी थर्झाने एकटीने पीठ मळले, भट्टी पेटवली, पाव लावले आणि दाराशी उभी राहिली. एक गिऱ्हाईक आले नाही. लोहाराची बायको रस्ता ओलांडून पलीकडून गेली. पिंपवाल्याने लांबूनच हात हलवला.

“अहो, मी तर जमिनीवरच आहे की! जहाजावर तो गेलाय!” थर्झा रस्त्यात ओरडली.

“एकाच अंथरुणातली माणसं तुम्ही,” पिंपवाला म्हणाला. “राग मानू नका बाई. घरात लेकरं आहेत.”

संध्याकाळी तिने ते पाव डुकरांना घातले. डुकरांनी खाल्ले.

जहाजाला पाव पुरवायचे काम सरकारने बॅगशॉला दिले. बंदरात एक तराफा नांगरला होता. डूलीने होडीतून टोपल्या नेऊन तराफ्यावर ठेवायच्या आणि लांब जायचे. मग जहाजावरची माणसे येऊन त्या उचलीत. जहाजाकडून काही म्हणजे काही परत यायचे नाही. रिकामी टोपलीही नाही. फक्त जहाजावरचा डॉक्टर कर्णा तोंडाला लावून ओरडे. उद्या किती पाव लागतील ते, आणि आज कोण कोण गेले ते.

तिसऱ्या दिवशी थर्झा बॅगशॉच्या दारात जाऊन उभी राहिली.

“मिस्टर बॅगशॉ, तुमच्या टोपलीत माझा एक पाव ठेवा. रोज एक. दुसरं काही मागत नाही.”

“माझा पाव काय वाईट आहे?” बॅगशॉ हात झटकीत म्हणाला. पिठाने तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होता आणि दोन दिवस झोपला नसावा.

“वाईट नाही हो. कडक आहे. त्याला मागचे दात नाहीत. तुमचा पाव त्याला चावत नाही.”

बॅगशॉ खो खो हसला. “बेकरीवाला, आणि पाव चावत नाही? हे बरंय!”

“बटाटा उकडून घालते मी त्याच्या पावात. वरचं साल कडक होऊ देत नाही. नाही तर तो उपाशी राहील. माणूस आधीच हडकुळा. उपाशी माणसाला ताप आधी धरतो.”

बॅगशॉ हसायचा थांबला. त्याने तिच्या हातांकडे पाहिले. पिठात आयुष्य गेलेले ते हात होते, मनगटे पुरुषासारखी.

“जहाजाचा पाव, गावाचा पाव,” तो म्हणाला. “तुझं गिऱ्हाईकही आता माझ्याचकडे येतंय. डूली होडीवर गेला, मळायला माणूस नाही. तू ये मळायला. मजुरी मिळणार नाही. तुझी भट्टी बंद ठेवायची, तुझं पीठ इकडे आणायचं. तुझा पाव रोज टोपलीत जाईल. माझा शब्द.”

“रोज?”

“एक दिवस चुकणार नाही.”

थर्झाने त्याच दिवशी पिठाची पिंपे हलवली. बटाटे मात्र स्वतःकडे ठेवले.

ती उजाडायच्या आत येई आणि अंधार पडल्यावर जाई. पहिले पीठ गावासाठी, दुसरे जहाजासाठी. दुपारी डूली टोपल्या घेऊन निघाला, की बॅगशॉ तिसरे पीठ तिच्यापुढे ओती, म्हणजे तिला धक्क्यावर जाता येत नसे. शेवटी सगळ्यांचे भाजून झाले, की भट्टीच्या निवत्या कडेला ती आपला पाव लावी. त्यावर सुरीने आडवी एकच चीर देई, म्हणजे टोपलीतला आपला कुठला ते नवऱ्याला कळावे.

गावाने तो पाव आवडीने खाल्ला. पीठ तिने मळलेले, हात तिचेच लागलेले, पण दारावर पाटी बॅगशॉची, त्यामुळे तापाची भीती कुणाला वाटली नाही. लोहाराची बायको तर म्हणाली, “बॅगशॉचा पाव हल्ली सुधारलाय हं!” आणि आत परातीत वाकलेल्या थर्झाला ते ऐकू आले.

डूली परतला की ती परातीतून हात काढून बाहेर येई.

“दिला का रे?”

“ठेवला.”

“दिसला का तो?”

पहिले दोन-चार दिवस डूली सांगे, “दिसला. कठड्याशी होता. दाढी वाढलीय.” मग एके दिवशी तो सरळ टोपल्या ठेवायच्या कोपऱ्यात गेला.

“अरे, विचारतेय मी. दिसला का?”

डूलीने बॅगशॉकडे पाहिले. बॅगशॉ पाव मांडत होता. त्याने मान वर केली नाही.

“आत असेल,” डूली म्हणाला. “लांबून काय दिसणार बाई? पाव ठेवला. तो उचलला त्यांनी.”

“उचलला ना? मग झालं.”

त्यानंतर डूली परतल्यावर दुकानात न येता परस्पर दारूच्या गुत्त्यावर जाऊ लागला. थर्झा दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला गाठून विचारी. “उचलला,” एवढेच तो सांगे.

लोकही चौकशी करीत. पाव घेताना आतल्या दाराकडे पाहून म्हणत, “धीर धरा बाई, उतरेल निशाण.” पूर्वी असे कुणी बोलत नसे. पिंपवाल्याने तिच्या मोडक्या खाटेला नवी फळी ठोकून दिली आणि त्याचे काही घेतले नाही. शिपायाने तिच्या दाराशी जळण टाकले. गाव एवढे मऊ का झाले, हे थर्झाला उमगले नाही. तिला वाटले, संकटात माणसे चांगली होतात. तसे तिने हेस्टरजवळ बोलूनही दाखवले.

“होतात की,” हेस्टर म्हणाली आणि वाती वळत राहिली.

हेस्टर रोज रात्री येई. दोघी चुलीशी बसून टॉलिव्हरसाठी देवाची प्रार्थना म्हणत. रविवारी भट्टी अर्धा दिवस थंड असे, तेव्हा दोघी टेकडीवर चढून जात. तिथून जहाज ताटलीएवढे दिसे आणि त्यावर मुंग्यांएवढी माणसे. थर्झा त्यातला एक निवडी.

“तो बघ, मागच्या डोलकाठीजवळ. एकटा उभा आहे बघ. त्याला गर्दी सोसत नाही. तोच आहे ना गं?”

हेस्टरने डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ ती पाहत राहिली.

“हो गं,” ती म्हणाली. “तोच.”

थर्झाने डोक्याची ओढणी सोडून हलवली. खांदा दुखेपर्यंत हलवली. आणि जहाजावरच्या त्या माणसाने, तो कोण होता देव जाणे, हात वर करून हलवला. थर्झा रडली, हसली, हेस्टरच्या गळ्यात पडली. उतरताना वाटेभर ती बोलत होती, की मऊ पावाने जीव तगवला बघ, मी म्हणत नव्हते का. हेस्टर पुढे चालत होती, पाय जपून टाकत.

निशाण उतरले तेव्हा हिवाळा तोंडावर आला होता. सकाळीच घंटा वाजली. थर्झाने परात तशीच टाकली, तोंड धुतले, केसांतले पीठ झटकले आणि ती धक्क्यावर गेली. हातात आदल्या रात्रीचा पाव होता.

होड्या माणसे आणू लागल्या. उतरणाऱ्यांच्या डोक्यांवर केस नव्हते, तापात कापले होते. बायका कुठल्या आणि पुरुष कुठले ते कपड्यांवरून ओळखायचे. थर्झा प्रत्येक तोंडाकडे पाहत होती. धक्क्यावर सगळे गाव जमले होते, पण तिच्या आजूबाजूला मोकळी जागा होती.

तिसऱ्या होडीतून उतरलेल्या एका बाईची नजर तिच्या हातातल्या पावावर गेली.

“आडवी चीर!” ती बाई म्हणाली. “तुम्हीच का पाठवायचात हा? देव भलं करो तुमचं, बाई! आमचे डॉक्टर दुधात कुस्करून भरवायचे आजाऱ्यांना. माझी पोरगी त्याच्यावर वाचली.”

“तो नवऱ्यासाठी होता माझ्या,” थर्झा म्हणाली. “पाववाला. पहिल्या दिवशी चढला तो. शेवटच्या होडीत आहे का?”

बाईने तोंडावर हात धरला.

“तुम्हाला… अहो, तो तर चढला आणि आठवड्याच्या आतच गेला. डॉक्टरांनी कर्ण्यातून नाव सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मी कठड्याशी उभी होते. तुमच्या होडीवाल्यानं टोपी काढली होती.”

“मग पाव?”

“आम्हाला वाटलं, गाव धर्म म्हणून पाठवतंय.”

थर्झाने तो पाव त्या बाईच्या हातात दिला. मुलीसाठी दिला की हात रिकामे हवे होते म्हणून, ते तिलाही सांगता आले नसते.

बॅगशॉ धक्क्याच्या पायऱ्या उतरत होता. काखेत घोंगडीत बांधलेले गरम पाव होते. आता जहाज मोकळे झाले होते, रीत पुन्हा लागू होती, आणि दुसरा बेकरीवाला गावात उरला नव्हता. थर्झाने त्याची बाही धरली.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

बॅगशॉने बाही सोडवून घेतली नाही. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता.

“मी काय कबूल केलं होतं? पाव जाईल. गेला की नाही? एक दिवस चुकला? विचार कुणालाही.”

“तो नव्हता! तो नसताना मी—”

“सांगितलं असतं तर तू आली असतीस उद्या मळायला?” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तू घरी बसून रडली असतीस, आणि इकडे जहाज उपाशी, गाव उपाशी. एका हातानं मी काय काय करणार होतो? गावालाही कळत होतं ते. कुणी बोललं का? सगळ्यांना पोट आहे, टॉलिव्हरबाई.” मग त्याला काहीतरी वाटले असावे. “उद्यापासून मजुरी देईन. आता सोड. थंड होतायत.”

तिने बाही सोडली. डूलीने होडी ढकलली. त्याचे तोंड पाण्याकडे होते.

थर्झा परत आली, कारण दुसरीकडे जाण्यासारखे काही नव्हते. तिच्या स्वतःच्या भट्टीत कोळिष्टके होती. बॅगशॉच्या दुकानात पीठ फुगून परातीबाहेर आले होते. तिने ते दाबले, तोडले, गोळे केले, पाव लावले, भाजले, काढले. रडू आले नाही, आणि त्याचाच तिला संताप आला. दुपारी लोक धक्क्यावरून परतले तशी दारात रांग लागली. नेहमीपेक्षा मोठी, कारण जहाजावरची पाहुणे मंडळी घरोघरी उतरली होती. बॅगशॉ अजून जहाजावरच होता. थर्झा दुकानाच्या फळीमागे येऊन उभी राहिली.

पहिला शिपाई होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

“वाईट झालं, बाई.”

“कधी कळलं तुम्हाला?” थर्झाने विचारले. तिचा हात पावावर होता.

“अं?”

“तो गेल्याचं. कधी कळलं?”

शिपायाने मागे वळून रांगेकडे पाहिले. “त्याच दिवशी. नावं माझ्याकडेच यायची. पण घरोघर सांगत फिरायचं काम माझं नव्हे, बाई.”

थर्झाने त्याला पाव दिला. शिपाई तो काखेत घालून भिंतीच्या कडेकडेने गेला.

पिंपवाला पुढे आला. त्याने काही विचारायची वाट पाहिली नाही.

“दुसऱ्या दिवशी. डूलीनं गुत्त्यावर सांगितलं. मी सांगणार होतो, खरंच. रोज वाटायचं, आज सांगू.”

“पाव किती?”

“दोन.”

तिने दोन दिले. रांगेतून कुणी निघून जाईल असे तिला वाटले होते. कुणीही गेले नाही. घरी खाणारी तोंडे होती, आणि सबंध बंदरात पाव इथेच होता. लोहाराची बायको “ऐकलं होतं कुणाकडून तरी” म्हणाली. “कुणाकडून, आणि कधी?” असे थर्झाने पुन्हा विचारले, आणि उत्तर येईपर्यंत पावावरचा हात काढला नाही. आवाज तिने एकदाही चढवला नाही. मागचे लोक आपली पाळी येण्याआधीच हिशेब जुळवीत होते, कुठला वार, कुणी सांगितले, आणि एकमेकांच्या डोळ्यांना डोळा देत नव्हते.

मग हेस्टर पिम समोर आली. तिचे डोळे सुजले होते.

“थर्झे,” ती म्हणाली. “थर्झे, तुला सगळं सांगते, घरी चल.”

“इथंच सांग. कधी?”

“पहिल्या आठवड्यात.” हेस्टरने फळीची कड दोन्ही हातांनी धरली. “तू इतकी आशेवर होतीस गं. माझ्यानं बोलवेना.”

“टेकडीवर गेलो, त्या रविवारी ठाऊक होतं तुला?”

“हो,” हेस्टर म्हणाली.

थर्झाने मागच्या फळीवरून पाव उचलला. बरा भाजलेला होता तो, खालून जराही करपलेला नव्हता. हेस्टरचा हात फळीवर तसाच पडून होता, म्हणून तिने तो उलटा केला, पाव त्यात ठेवला आणि बोटे मिटवली.

“पुढचं कोण?” ती म्हणाली.